कंट्रोलरास न जुमानणारी कॅसेट

टीव्हीवर चित्र उमटतें, संगीत वाजूं लागतें, खेळाचें नांव झळकतें. परंतु हातांतील बटण कितीहि दाबलें तरी पडद्यावरील मनुष्य जागचा हलत नाहीं. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जपून ठेवणाऱ्या घरांत हा अनुभव पुष्कळांस आलेला असतो. अशा वेळीं ‘कॅसेट गेली’ असा निकाल देऊन ती केरांत टाकण्याकडे वडील माणसांचा कल असतो, व मुलांचा तींत फुंकर मारण्याकडे. आमच्या मतें दोन्ही उपाय चुकीचे आहेत. जपानांतील निन्टेंडो कंपनीनें आपलें फॅमिकॉम नांवाचें यंत्र १९८३ सालीं बाजारांत आणलें व २००३ सालीं त्याची निर्मिति थांबविली. अमेरिकेंत १९८५ पासून तेंच यंत्र एनईएस या नांवानें विकलें गेलें. आणि १९९० च्या दशकांत आपल्याकडील मुलांना ज्या स्वस्त ‘टीव्ही गेम’ यंत्रांनीं वेड लावलें, तीं बहुतेक फॅमिकॉमच्याच नकला होत्या. या यंत्रांच्या अस्सल कॅसेटी आतां नव्यानें निघत नाहींत. म्हणून एखादी टाकून देण्यापूर्वीं, बटणाचा निरोप यंत्रापर्यंत कसा पोहोंचतो हें समजून घेणें इष्ट होय.

कंट्रोलरावर आठ बटणें असतात: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट आणि चार दिशांचीं चार. परंतु त्याच्या दोरींत तारा पांचच. त्यांपैकीं दोन विजेच्या. उरल्या तीन बोलाचालीच्या. आठ बटणांची वार्ता तीन तारांनीं कशी कळते, तें आमच्या विद्यार्थिमित्रांस वर्गांतील हजेरीवरून सहज समजेल. कंट्रोलरांत ४०२१ क्रमांकाची एक लहानशी चिप असते. यंत्र एका तारेनें तिला इशारा देतें. त्यासरशी ती आठहि बटणांची त्या क्षणींची स्थिति टिपून घेते. मग दुसऱ्या तारेवर यंत्र ठोके देतें, आणि ठोक्यागणिक तिसऱ्या तारेवर एकेक उत्तर येतें. नांवें पुकारलीं जात नाहींत. वर सांगितलेला अनुक्रम ठरलेला असतो, एवढ्यावरच सर्व भिस्त. बहुतेक खेळ ही हजेरी दर सेकंदास पन्नास-साठ वेळां घेतात.

आतां दोष शोधूं. प्रथम तोच कंट्रोलर दुसऱ्या कॅसेटीवर चालवून पाहावा. तेथेंहि तो मुका असेल तर कॅसेट निर्दोष आहे. एकच बटण चालत नसेल तर त्याखालील रबराची कार्बनची टिकली झिजलेली किंवा मळलेली असते. सर्वच बंद असतील तर दोरींतील एखादी तार तुटलेली असण्याचा संभव फार. ठोक्याची तार तुटली म्हणजे मोठी मौज होते. पहिलाच गडी आठहि वेळां ‘हजर’ म्हणतो, आणि ए दाबतांच सर्व बटणें दाबलीं गेलीं असें यंत्रास वाटतें!

एकटीच कॅसेट ऐकत नसेल तर एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कंट्रोलराच्या तारा कॅसेटींतून जातच नाहींत. त्या परस्पर यंत्राच्या प्रोसेसराकडे जातात. कॅसेटींत असतो तो हजेरी घेण्याचा हुकूम. म्हणून मळामुळें बहुधा चित्र विस्कटतें किंवा खेळ गोठतो, नुसता बहिरा होत नाहीं. चित्र खरोखर हलत आहे, कीं गोठून उभें आहे, हें नीट पाहावें. गोठलें असल्यास यंत्र बंद करून कॅसेट काढावी, आणि कापसाच्या बोळ्यावर थोडें आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तिच्या धातूच्या पट्ट्या पुसाव्यात. त्या पूर्ण वाळल्यावरच ती पुन्हां लावावी. फुंकर मारल्यानें तोंडांतील ओलावा पट्ट्यांवर बसून त्या गंजतात. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’सारख्या कांहीं कॅसेटींत खेळाची प्रगति टिकविणारी बॅटरी असते, ती उपटल्यास मुलांचे महिन्यांचे श्रम क्षणांत नाहींसे होतात, हें पालकांनीं विशेषेंकरून लक्षांत ठेवावें.

कधीं खेळाला निराळेंच साधन हवें असतें. ‘डक हंट’मध्यें बदकें मारण्यास झॅपर नांवाची बंदूक लागते, व ती दुसऱ्या खोबणींत लावावी लागते. या बंदुकींतून कांहींच सुटत नाहीं. उलट ती पडद्यावरील प्रकाश पाहते. घोडा ओढतांच पडदा काळा होऊन बदकाच्या जागीं क्षणभर पांढरा चौकोन उमटतो, व तो दिसला तर नेम लागला असें ठरतें. हा हिशेब जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीसाठीं बांधलेला आहे. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित् उशिरां उमटतें, आणि धडधाकट बंदूक आंधळी ठरते. तसेंच, मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरावर स्टार्ट व सिलेक्ट हीं बटणेंच नाहींत; तो हातीं घेऊन खेळ सुरू होण्याची वाट पाहणें व्यर्थ.

सर्वांत नवलाचें उदाहरण १९८८ सालच्या ‘पेपरबॉय’ या कॅसेटीचें. प्रोसेसर माहिती आठ तारांवरून वाचतो. कंट्रोलराचें उत्तर त्यांपैकीं एकीवर येतें. वरच्या तीन तारांना त्या क्षणीं कोणीच कांहीं सांगत नसतें, आणि त्यांवर आधींच्या वाचनाची विद्युत्स्थिति रेंगाळते. कंट्रोलराचा पत्ता, सोळाच्या पायावर लिहिल्यास, ४०१६ असा आहे. हुकूम वाचतांना त्यांतील ४० हा भाग सर्वांच्या शेवटीं येतो, म्हणून तारांवर तोच उरतो. परिणामीं बटण न दाबल्यास ४० आणि दाबल्यास ४१ ही संख्या मिळते. सावध प्रोग्रॅमकार केवळ उत्तराची तार पाहतो, बाकीच्या सोडून देतो. ‘पेपरबॉय’ मात्र नेमक्या ४० किंवा ४१ ची अपेक्षा धरतो! अस्सल यंत्रावर हें बिनबोभाट चालतें. परंतु एखाद्या नकली यंत्रांत, किंवा संगणकावर यंत्राचें सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमांत, वरच्या तारांवर दुसरेंच कांहीं आलें कीं ४१ ची संख्या बदलते. मग बटण दाबलें तरी खेळास त्याचा पत्ता लागत नाहीं, आणि त्याच यंत्रावर इतर खेळ खुशाल चालतात. अशी कॅसेट घासण्यापुसण्यांत वेळ न दवडतां एखाद्या स्नेह्याच्या घरचें अस्सल एनईएस मिळवून त्यावर लावावी. वर्तमानपत्रें टाकणारा तो पोरगा तेथें सायकलीवर टांग मारून निघालेला दिसेल.