कॉर्टिसोलची रक्ततपासणी : आकड्याआधी वेळ बघा

सतत थकवा, उतरणारं वजन, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी. अशी तक्रार असली की डॉक्टर कधी कधी ‘सीरम कॉर्टिसोल’ लिहून देतात. रिपोर्ट हातात आला की आपण फक्त आकडा बघतो. पण रक्त किती वाजता घेतलं, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी हे संप्रेरक तयार करतात. ते पहाटे वाढतं, मध्यरात्री तळाला जातं. म्हणून रक्त सकाळी ८ च्या सुमारास देतात. रात्रपाळी करणाऱ्यांनी ते आधी सांगावं, कारण त्यांचं चक्र बदललेलं असू शकतं. सकाळची पातळी ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर ग्रंथी कमी पडत असल्याची दाट शंका येते. १८ च्या वर असेल तर सहसा चिंता नसते. मधल्या आकड्यावर मात्र निदान होत नाही. त्यासाठी ग्रंथीला चालना देणारं इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त तपासतात. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आकडा फसवा वाढतो, हेही लक्षात असू द्या.

मित्रांनो, खरा धोका स्टेरॉइडचा आहे. दम्याच्या, सांधेदुखीच्या गोळ्या, ‘तब्येत भरण्याचं’ औषध, गजकर्णाचं मलम, गोरेपणाचं क्रीम. आपल्या वस्तीत यातलं बरंच काही चिठ्ठीशिवाय मिळतं आणि त्यात स्टेरॉइड असू शकतं. बाहेरून ते महिनोन्‌महिने मिळत राहिलं की ग्रंथी स्वतःचं काम थांबवते. मग औषध एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. त्यामुळे हे वाचून लगेच गोळ्या फेकू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या हळूहळू कमी कराव्या लागतात.

दुसरं कारण क्षयरोग. लंडनचे डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यांच्या बऱ्याच रुग्णांच्या ग्रंथी क्षयाने खाल्लेल्या होत्या. घरात टीबी होऊन गेला असेल तर तो सांगायला लाजू नका.

‘तुमचा ताण मोजा’ म्हणून विकली जाणारी कॉर्टिसोलची पॅकेजेस मात्र पैसे घालवणं आहे. सुईच्या भीतीनेही आकडा वर जातो!

तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि मलमाच्या ट्यूब पिशवीत घालून न्या. नाव माहीत नसलेली पुडीसुद्धा.