सायकलचे माप आणि माणसाचे माप



वसंतातल्या ह्या व्यासपीठावरून आपण मोठमोठे विषय ऐकता. माझा विषय त्या मानाने लहान आहे. सायकल आपल्या मापाची आहे की नाही हे कसे ओळखावे आणि तिच्यावर बसावे कसे, एवढेच मला सांगायचे आहे. पण ह्या लहान विषयाच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे, आणि तो मला कामगार चळवळीत पदोपदी भेटला आहे : यंत्र माणसाच्या मापाचे करायचे, की माणसाला यंत्राच्या मापाचा करायचे?

कारखान्यात यंत्राची उंची एकच असते. कामगार मात्र पाच फुटांचाही असतो आणि सहा फुटांचाही. दिवसभर वाकून उंच माणसाची कंबर धरते, हात वर करकरून ठेंगण्या माणसाचे खांदे भरून येतात. तक्रार केली की पहिले उत्तर ठरलेले : ‘तुमची प्रकृतीच नाजूक.’ मग कोणी शहाणा माणूस ठेंगण्याच्या पायांखाली लाकडी फळी ठेवतो आणि ती नाजूक प्रकृती एकाएकी सुधारते! सायकलच्या बाबतीत मी स्वतः असाच फसलो. पन्नाशी ओलांडल्यावर मी एक जुनी, वाकड्या हँडलची शर्यती सायकल घेतली. तीन महिन्यांत गुडघे पुढच्या बाजूने दुखू लागले. घरची मंडळी म्हणाली, वय झाले. मलाही ते पटले. पुढे एका वृद्ध सायकलदुरुस्तीवाल्याने मला चालवताना पाहिले आणि न विचारता सीट दोन बोटे वर केली. काही आठवड्यांनी वय होते तेवढेच राहिले, दुखणे मात्र गेले.

आता मूळ विषयाकडे वळू. सायकलचे माप म्हणजे नेमके कशाचे माप? पुष्कळ लोक चाकाचे माप सांगतात. लहान मुलांची सायकल चाकावरून विकली जाते हे खरे; पण मोठ्यांच्या सायकलीत चाक बहुधा सर्वांना एकच असते, बदलते ती फ्रेम. आपली काळी, उभ्या बैठकीची सायकल घ्या. तिचे चाक २८ इंची, आणि फ्रेम २२ किंवा २४ इंची. पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात, त्या आसापासून सीटखालच्या उभ्या नळीच्या टोकापर्यंतचे अंतर, हे फ्रेमचे जुने माप. हल्ली जिला रोड बाईक म्हणतात तिच्यात हेच माप सेंटिमीटरमध्ये देतात : ५०, ५२, ५४, ५६ असे.

वरची दांडी जमिनीला समांतर होती तोवर हा आकडा विश्वासाचा होता. १९९७ साली जायंट ह्या तैवानी कंपनीने माइक बरोज ह्या इंग्रज रचनाकाराकडून करवून घेतलेली, मागे उतरत्या दांडीची रोड बाईक बाजारात आणली, आणि ती पद्धत पुढे सर्वत्र पसरली. दांडी उतरती झाली की उभी नळी आखूड होते, मग तिच्या लांबीवरून बोध काय होणार? म्हणून एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५४शी जुळेलच असे नाही. ह्यावर तोडगा म्हणून आता दोन मापे पाहतात. पायडलच्या आसापासून हँडल ज्या नळीत बसते तिच्या वरच्या टोकापर्यंत सरळ वर किती, ही उंची, म्हणजे ‘स्टॅक’. आणि तेथपर्यंत आडवे पुढे किती, हा पल्ला, म्हणजे ‘रीच’.

ह्यांतले पल्ल्याचे माप नीट ध्यानात ठेवा. सीट वरखाली करायला भरपूर वाव असतो. पल्ला मात्र हँडल धरणारा तुकडा, म्हणजे स्टेम, बदलून एकदोन सेंटिमीटरच सुधारता येतो. त्याहून अधिक ओढाताण केली तर सायकल वळवताना बिघडते. म्हणून फ्रेम निवडताना सीटपेक्षा हाताच्या पल्ल्याकडे अधिक पाहावे. ठेंगण्या माणसांना ही अडचण विशेष येते. चाक तेच ठेवून फ्रेम लहान केली तरी तिचा पल्ला त्या प्रमाणात आखडत नाही.

आता माणसाचे माप घेऊ. शिंपी नुसती उंची विचारून विजार शिवत नाही. तसेच येथेही. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांत सहा इंचांचे अंतर ठेवा, एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये धरून सीट लागते तेवढ्या जोराने वर दाबा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. हे पायाचे खरे माप. समजा, दोन मित्र साडेपाच फुटांचेच आहेत. पण एकाचे हे माप ८० सेंटिमीटर भरते आणि दुसऱ्याचे ७६. जुन्या सरळ दांडीच्या फ्रेमसाठी ह्याला ०.६५ ने गुणण्याचा प्रघात आहे. पहिल्याला ५२ ची फ्रेम येईल, दुसऱ्याला साधारण ४९ ची.

सीटच्या उंचीसाठी दुसरा गुणक आहे, ०.८८३. फ्रेंच मार्गदर्शक सिरिल गिमार ह्यांची ही पद्धत अमेरिकन शर्यतपटू ग्रेग लेमाँड ह्यांनी आपल्या १९८७ च्या पुस्तकातून लोकांपुढे मांडली. ८० सेंटिमीटरवाल्याची सीट आसापासून ७०.६ सेंटिमीटरवर यावी. त्याआधी १९६७ मध्ये हॅम्ली आणि टॉमस ह्या इंग्लंडमधल्या संशोधकांनी प्रयोगांती सांगितले होते की, खाली गेलेल्या पायडलपासून सीटपर्यंतचे अंतर पायाच्या मापाच्या १०९ टक्के असावे. ८० चे होतात ८७.२. आता ७०.६ मध्ये पायडलच्या दांड्याचे १७ मिळवून पाहा : ८७.६. दोन वाटांनी निघालेले लोक एकाच गावी पोचले!

तरी आकडा ही सुरुवात आहे, निकाल नव्हे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हावा. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघा थोडा वाकलेला राहतो, २५ ते ३५ अंश. सीट फार खाली असली तर बहुधा गुडघा पुढून दुखतो. फार वर असली तर मागून दुखतो आणि कंबर डावीउजवीकडे डुलते. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असा आपल्याकडे समज आहे. पुष्कळ गुडघे ह्या समजापायी बिघडतात. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकावा. मात्र सीटचा दांडा त्यावरच्या खुणेपलीकडे कधीही वर काढू नये.

सीट पुढे की मागे, हे पाहायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. पायडलचे दांडे आडवे ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला तर तो पायडलच्या आसावर यावा, असा जुना नियम आहे. कीथ बाँट्रेगर ह्या कारागिराने दाखवून दिले की ह्या नियमाला यंत्रशास्त्राचा आधार नाही. तेव्हा त्यालाही सुरुवातच समजावे. शेवटी हात. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेले आणि खांदे सैल असावेत. तळवे बधिर होत असतील, मान आखडत असेल, तर पल्ला लांब आहे किंवा हँडल फार खाली आहे. अशा वेळी लोक सीट पुढे सरकवतात. म्हणजे हाताचे दुखणे गुडघ्याला देतात.

आणि एकदा जमलेले माप जन्मभर पुरेल असेही नाही. बेल्जमचा एडी मर्क्स पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकला. १९६९ मध्ये ब्लवा येथील धावपट्टीवरच्या अपघातात त्याच्या कटिप्रदेशाला इजा झाली, आणि त्यानंतर तो सीटची उंची सतत बदलत राहिला; कधी कधी शर्यत चालू असतानाही. जगातला पहिल्या नंबरचा सायकलपटू आपल्या शरीराचे गाऱ्हाणे ऐकत होता. आपण का ऐकू नये?

म्हणून विकत घेण्याआधी पायाचे माप लिहून न्या आणि निदान अर्धा तास चालवून पाहू द्या म्हणा. घरी आल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही पाच मिलिमीटरने. आधीच्या जागी खूण करा, वहीत टिपून ठेवा, आठवडा जाऊ द्या. एवढे करूनही दुखणे राहिले तर डॉक्टरांकडे जा. पण आधी पाना हाती घ्या.

मित्रहो, दुखले की आपण पहिला आरोप स्वतःच्या शरीरावर करतो : वय झाले, सवय नाही, प्रकृती नाजूक. आरोप करण्यापूर्वी यंत्राचीही साक्ष घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे. सीटचा बोल्ट सैल करता येतो, गुडघ्याचा येत नाही.