वाळवंटात फोटो काढायला गाडीने जाताना

आपल्या गावाजवळून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८, निपाणी, कोल्हापूर, पुणे, मुंबई, सुरत, अहमदाबाद, उदयपूर करीत थेट दिल्लीला जातो. अहमदाबादनंतर डावीकडे वळले की पालनपूर, सांचोर, बाडमेर आणि पुढे जैसलमेर. बेळगुंदीपासून अंदाजे साडेपंधराशे किलोमीटर. दिवाळीनंतर मंडळातील कुटुंबांत सहलीचे बेत सुरू होतात आणि अलीकडे ज्यांच्या हातात कॅमेरा किंवा चांगला मोबाईल आहे त्यांच्या तोंडी थरचे वाळवंट असते. हा प्रवास कसा आखावा, यासाठी हे टिपण.

पहिली गोष्ट महत्त्वाची, म्हणून आधीच सांगतो. वाळवंटात चांगला फोटो मिळतो तो सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात. त्या वेळी ऊन तिरपे असते, वाळूवरच्या लाटांना सावली मिळते, टेकडीची कड उठून दिसते. भर दुपारी तीच वाळू सपाट, पांढुरकी दिसते. आणि गाडी चालवायला सर्वांत धोक्याची वेळही नेमकी हीच, पहाटेची आणि संध्याकाळची. सूर्य थेट डोळ्यांत येतो, गुरे व नीलगाई रस्त्यावर येतात, आणि अंधार पडला की उंट. उंट उंच असल्यामुळे हेडलाइटच्या उजेडात आधी फक्त त्याचे पाय दिसतात. धडक बसली तर पाय मोडून सारे धड बोनेटवरून काचेवर येते. म्हणून फोटोची जागा आणि मुक्कामाची जागा यांत पायी जाण्याइतके किंवा फार तर दहा मिनिटांचे अंतर ठेवायचे. सूर्यास्त टिपून चाळीस किलोमीटर परत शहरातल्या हॉटेलात जायचे, असा बेत आखूच नये. चारशे रुपये वाचतील, पण तो रस्ता अंधारातला असेल.

याच हिशेबाने जैसलमेरचे दिवस वाटून घ्यावेत. सम येथील वाळूच्या टेकड्या शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहेत. तिथे तंबूंचे निवास आहेत, एक रात्र तिथेच राहावे. संध्याकाळी समला जीप, उंट आणि माणसांची इतकी गर्दी असते की वाळूवर पाऊलखुणांशिवाय काही दिसत नाही. रात्री वारा सुटला तर सकाळी वाळू पुन्हा सारखी झालेली असते, म्हणून समचा खरा फोटो सकाळचा. ज्यांना शांतता हवी त्यांनी नैर्ऋत्येकडचे खुरी गाव निवडावे, आमचे मत तिकडेच झुकते. दुसरी संध्याकाळ शहरात ठेवावी. व्यास छत्रीवरून पिवळ्या दगडाचा किल्ला मावळतीच्या उन्हात दिसतो. रावळ जैसल यांनी ११५६ साली बांधलेला हा किल्ला आजही वस्तीचा आहे, आत लोक राहतात, त्यामुळे दारात बसलेल्या आजींचा फोटो काढण्यापूर्वी विचारावे. दुपारी किल्ल्याच्या गल्ल्या आणि पटव्यांची हवेली पाहावी. अरुंद गल्लीत दुपारीही सावलीतला मऊ उजेड मिळतो.

जानेवारीच्या सुरुवातीला जैसलमेरला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, आपल्याकडच्यापेक्षा अर्धा तास उशिरा. म्हणजे पहाटे चारला उठायची गरज नाही, झोप पुरी करावी. थंडी मात्र आपल्या बेळगावच्या थंडीसारखी गुलाबी नसते. रात्री पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरू शकतो आणि दुपारी पंचवीसच्या आसपास जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य. माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरु महोत्सव भरतो, त्या दिवसांत मुक्काम फार आधी ठरवावा लागतो. शाळांच्या सुट्टीमुळे मे महिन्याचा विचार कोणी करीत असेल तर तो सोडून द्यावा. तिथे तेव्हा ४५ अंशांच्या वर ऊन असते.

आता जाण्याचे टप्पे. दिवसाला साडेचारशे किलोमीटरपेक्षा जास्त धरू नये. पहिला मुक्काम पनवेलच्या आसपास, दुसरा वडोदऱ्याला. गायकवाडांच्या या शहरात मराठी कानावर पडते. तिसरा दिवस मुद्दाम हलका ठेवावा, मेहसाण्याजवळचे मोढेऱ्याचे अकराव्या शतकातले सूर्यमंदिर बघून पालनपूर किंवा डीसाला थांबावे. चौथ्या दिवशी उजेड असतानाच जैसलमेर. येण्याजाण्याचे आठ दिवस आणि तिथले चार, म्हणजे बारा दिवसांची सुट्टी हवी. एवढी नसेल, किंवा बरोबर वयस्कर मंडळी असतील, तर बेळगावहून मिरज-पुणेमार्गे जोधपूरला जाणारी रेल्वे घ्यावी आणि तिथून पुढे स्थानिक चालकासह गाडी करावी. यात कमीपणा काही नाही. उलट फोटो काढणाऱ्याला खिडकीतून बघायला मिळते.

आपल्याकडच्या चालकांना चोर्ला आणि आंबोली घाटांची सवय. वळणावर डोळे आपोआप जागे राहतात. बाडमेरच्या पुढे रस्ता तासभर सरळच जातो, समोर काही बदलत नाही आणि डोळा कधी लागतो ते कळत नाही. दर दोन तासांनी थांबावे, चालक दोन असावेत, आणि जेवणानंतरचा पहिला तास ज्याने कमी खाल्ले त्याने चालवावे. गाडीत शिदोरी म्हणून कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चिरमुरे असले की ढाब्यावरचे तेलकट टळते. एक सूचना थोडी संकोचाने करतो. गोवा जवळ असल्याने काहींच्या डिकीत बाटल्या असतात. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि बाहेरची पाटी बघून गाडी तपासली जाऊ शकते. केए २२ असो वा केए २३, डिकी स्वच्छ ठेवावी. गाडीची कागदपत्रे, विमा, पीयूसी आणि फास्टॅग निघण्यापूर्वी तपासावेत.

टायरमधली हवा गाडी गार असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरावी. उन्हाने ती वाढतेच, म्हणून आधीच जादा भरू नये. स्टेपनीची हवाही बघावी, ती नेहमी विसरली जाते. आपली गाडी वाळूत घालू नये, टेकड्यांवर जायचे तर तिथलीच जीप करावी. तरीही रस्त्याकडेच्या वाळूत चाक रुतले तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नये, चाक आणखी खोल जाते. चाकांसमोरची वाळू हाताने उकरावी, पायपुसणी चाकाखाली सारावीत, हवा १८-२० पौंडांपर्यंत उतरवावी आणि हळूच बाहेर यावे. त्यानंतर डांबरी रस्त्यावर वेगाने जाण्यापूर्वी हवा पुन्हा भरायलाच हवी, म्हणून हवेचा छोटा पंप जवळ ठेवावा. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत निघू नये. उघड्या माळावर माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. माणशी पाच लिटर पाणी राखीव ठेवावे, ते प्यायच्या पाण्यात मोजू नये. महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि एरवी ११२ हे क्रमांक आहेत, पण सीमेकडे मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि कुठे जातो, कधी परततो हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघावे.

आपल्या भागातल्या अनेक घरांतून माणसे फौजेत आहेत, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. त्यामुळे तनोट आणि लोंगेवाला बघायची इच्छा बहुतेकांना होते. तनोट माता मंदिर जैसलमेरपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे, सीमा सुरक्षा दल त्याची व्यवस्था पाहते आणि १९६५ च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे तिथे ठेवले आहेत. लोंगेवाला म्हणजे डिसेंबर १९७१ ची लढाई. सकाळी निघावे, टाकी जैसलमेरलाच भरावी, दिवस मावळण्यापूर्वी परत यावे. लष्करी ठाणी, वाहने, जवान यांचे फोटो काढू नयेत. ड्रोन घरी ठेवावा, सीमेजवळ त्याला मनाई आहे.

वाटेत राष्ट्रीय मरु उद्यान लागते. तिथे गोडावण, म्हणजे आपला माळढोक आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झाले तोच पक्षी. देशभरात आता फारच थोडे उरले आहेत. दिसला तर गाडीतूनच, लांबूनच बघावा. जवळ जाऊन उडवून मिळवलेला फोटो आम्हाला कोणी दाखवू नये.

कॅमेऱ्याविषयी थोडे. वाळू उजळ असल्याने कॅमेरा फसतो आणि चित्र काळपट येते. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवावे. मोबाईलवर बोट ठेवून सूर्याचे चिन्ह वर सरकवले की तेच होते. लेन्स उघड्यावर बदलू नये, गाडीत काचा लावून बदलावी. काचेवर वाळू बसली तर आधी रबरी फुग्याने उडवावी, नंतरच कापड लावावे, नाहीतर चरे पडतात.

ज्यांना थर लांब वाटतो त्यांना कच्छचा पर्याय आहे. धोरडोजवळचे पांढरे रण पावसाळ्यात पाण्याखाली असते आणि डिसेंबर-जानेवारीत मिठाने पांढरे होते. तिथे जायला परवाना काढावा लागतो. जवळच्या काळो डुंगरावर, ४६२ मीटर उंचीवर, दत्ताचे मंदिर आहे आणि तिथे कोल्ह्यांना प्रसाद घालण्याची प्रथा आहे. नृसिंहवाडीला नेमाने जाणाऱ्या आपल्या मंडळींना हे नक्की आवडेल. रणातल्या कडेच्या चिखलावर मिठाचा पातळ थर असतो, त्यावर गाडी नेऊ नये.

परत आल्यावर गाडी धुण्याआधी एअर फिल्टर काढून झटकावा. खूप भरला असेल तर बदलावा. कच्छहून आलेल्यांनी गाडी खालून पाण्याच्या दाबाने धुऊन घ्यावी, मीठ आपल्या पावसाळ्यापर्यंत राहिले तर पत्रा गंजतो.