चूक 41व्या ओळीत, बोट 38वर

एजवेअरहून नॉर्दर्न लाइनने निघालात की गोल्डर्स ग्रीन पाचवं स्टेशन. मोजताना मध्ये डुलकी लागली, की पुढचे सगळे आकडे चुकले. कंपायलरचंही तसंच. तो कोड एकेक अक्षर वाचतो आणि ओळ संपली की आकडा एकाने वाढवतो. चार ओळींची कॉमेंट वगळताना आतले तीन ओळबदल मोजायचे राहिले, तर 41व्या ओळीतली चूक तो 38व्या ओळीत दाखवतो. तुम्ही बिचारे धडधाकट ओळ तपासत बसता!

यावर ‘अधिक तीन’चं ठिगळ लावू नका. कॉमेंटच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मुद्दाम चूक पेरा. आकडा कुठे घसरला ते कळेल. मग पुढचं अक्षर घेणारं एकच फंक्शन ठेवा आणि मोजणी फक्त तिथेच करा. आणि लाजू नका: ओळींचा हिशेब काटेकोर करायला पायथनलासुद्धा 2021 ची 3.10 आवृत्ती उजाडावी लागली.