मोबाइल नंबर हा 'नंबर' नव्हे

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये तक्ता बनवताना प्रत्येक रकान्याचा डेटा टाइप ठरवावा लागतो. हे काम घाईने उरकू नये. सभासदांची यादीच घ्या. मोबाइल नंबरात सगळे आकडेच, म्हणून आपला हात 'नंबर'कडे जातो. पण त्यातला नेहमीचा लाँग इंटिजर २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच पोचतो. ९८ने सुरू होणारा दहा आकडी नंबर त्यात मावतच नाही. पुण्याचा ०२० हा कोड तर नुसता २० होऊन बसतो. ज्यांची बेरीज-वजाबाकी कधी करायचीच नाही, असे आकडे शॉर्ट टेक्स्टमध्ये ठेवावेत. तिथे २५५ अक्षरं बसतात.

वर्गणीला मात्र करन्सीच. डबल प्रकारात ०.१ सारखा साधा अपूर्णांकही अगदी नेमका साठत नाही. करन्सी दशांशाची चार स्थळं चोख सांभाळतो.

तारीख टेक्स्टमध्ये लिहिली, तर क्रम लावताना जानेवारीतली १०-०१ ही मार्चमधल्या ०९-०३च्या नंतर लागते. डेट/टाइममध्ये ॲक्सेस ३० डिसेंबर १८९९ हा शून्य दिवस धरून मोजतो, त्यामुळे दोन तारखांची वजाबाकी केली की मधले दिवस लगेच मिळतात.

आणि पावती क्रमांकासाठी ऑटोनंबर वापरू नका. अर्धवट सोडलेल्या नोंदीचा क्रमांक वाया जातो, आणि पावत्यांमध्ये खंड पडतो.