आईची सुट्टी

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात, कमंडलू नदीच्या काठी वसलेले रहिमतपूर हे तसे नांदते गाव. ब्रिटिश काळापासूनची नगरपालिका, पुणे-मिरज मार्गावरचे रेल्वे स्थानक, रणदुल्लाखानाची कबर, आसपासच्या खेड्यांना पुरणारी बाजारपेठ. नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म इथला. बहुतेक घरांच्या बहुतेक गरजा इथेच भागतात. पण ज्या घरात सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा तीव्र बौद्धिक अक्षमता असलेले मूल आहे, त्या घराला हे गाव अपुरे पडते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी साताऱ्याचे सिव्हिल गाठायचे. झटक्यांचे औषध बदलायचे तर सातारा नाहीतर कराड, आणि तिथे भागले नाही तर पुणे. साताऱ्याचे अंतर पंचवीसेक किलोमीटर आहे. मान न धरणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन एसटीत चढणाऱ्या आईला ते किती पडते, हे तिचे तिलाच ठाऊक.

प्रवासात सवलत आहे. ६५ टक्क्यांहून अधिक अपंगत्व असेल तर एसटीत सोबत्यालाही निम्मे तिकीट पडते. रेल्वेतही सोबत्याला सवलत आहे. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या माणसाबरोबर कुणीतरी असणार, हे एवढ्यापुरते शासनाने मानले आहे. तिकिटाच्या खिडकीबाहेर मात्र हा सोबती कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. या लेखाचा विषय तोच सोबती आहे, आणि बहुतेक घरांत तो सोबती म्हणजे आई.

तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईचा दिवस कसा जातो ते पाहू. गिळायला त्रास असल्याने एक वाटी भात भरवायला पाऊण तास लागतो. घाई केली की ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय दिवसातून अनेकदा हलवायचे, बसवताना टेकू द्यायचा, रात्री कूस बदलायला उठायचे. फिट येत असेल तर झोपही सावधच. मूल वाढते तसे त्याचे वजन वाढते, आणि त्याच वर्षांत आईची कंबर आणि गुडघे कुरकुरू लागतात. मुलगी असेल तर पाळी सुरू झाली की आणखी एक काम आणि आणखी एक धास्ती. यात रविवार नाही, दिवाळी नाही. माहेरच्या लग्नाला जायचे तर मुलाला कोणाकडे ठेवायचे, या प्रश्नाशीच विचार थांबतो. आले-हळदीच्या काढणीला रोजाने जाणारी बाई असेल तर तिचा रोजगार आधी सुटतो. ती आजारी पडली तर तिच्या जागी उभे राहायला कोणी नाही, म्हणून ती आजारपण अंगावर काढते.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातल्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात, तर पुरुष ७६, असे आढळले होते. ही सर्व घरांची सरासरी आहे. वर वर्णन केलेल्या घरात या कामाची मिनिटे मोजण्यात अर्थच उरत नाही.

योजनांचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणू नये. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच महाराष्ट्रात, पालघरला झाली. त्यातली पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच आहे. संजय गांधी निराधार योजनेतले दिव्यांगांचे अनुदान राज्याने २०२५ मध्ये दरमहा १५०० वरून २५०० रुपयांवर नेले. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. हे सगळे हवेच होते आणि ते मिळवण्यासाठी अनेकांनी आयुष्य घातले आहे. तरी ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. दाखला मुलाचा, कार्ड मुलाचे, अनुदान मुलाचे. मुलाला सांभाळणाऱ्या हातांची नोंद यात कुठे नाही.

खरे तर कायद्याला हे सुचले होते. २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. राष्ट्रीय न्यासाच्या योजनांत ‘समर्थ’ ही अल्पकालीन निवासाची, तर ‘सहयोगी’ ही काळजीवाहक घडवण्याची योजना आहे. पण त्या चालवायला न्यासाकडे नोंदलेली संस्था लागते, आणि अशा संस्था शहरांकडे झुकलेल्या. तालुक्याच्या गावाहूनही लहान ठिकाणी योजनेचे नाव पोहोचते ते एखाद्या माहितीपत्रकातून.

सरकारी नोकरीत मात्र हाच विचार रुळला आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि अपत्य दिव्यांग असेल तर त्याला वयाची अट नाही. राज्य शासनातही अशा पालकांसाठी विशेष रजा आहे. म्हणजे दिव्यांग मुलाच्या आईवर कामाचा जास्तीचा भार असतो, तिला उसंत लागते, हे तत्त्व शासनाला मान्य आहे. मग शेतमजूर बाईने काय अपराध केला? तिला रजा देणारा मालक नसतो, म्हणून तिची उसंत गावाने द्यायची असते.

महाराष्ट्रात या क्षेत्राचा पाया पालकांनीच घातला. १९४४ मध्ये मुंबईत वकील आडनावाच्या दाम्पत्याने आपल्या जय या मुलीच्या निमित्ताने शाळा सुरू केली, ती आज जय वकील फाउंडेशन म्हणून ओळखली जाते. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुलगी मालिनीच्या अनुभवातून स्पॅस्टिक्स सोसायटी उभी केली. बदलापूरला माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने पालक एकत्र आले आणि ‘आधार’ हे प्रौढ मुलांचे निवासी घर उभे राहिले. कोल्हापुरात १९८४ मध्ये स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड काढली. तिथेच शेंडा पार्कात ‘चेतना’ची शाळा आहे. या सगळ्यांविषयी मनात आदर आहे. पण संस्था काढायलाही आधी मोकळे हात लागतात. रहिमतपूरच्या गल्लीतल्या आईकडून तीच अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

‘मग निवासी शाळेत का घालत नाहीत?’ असे नातेवाईक सहज विचारून जातात. त्यांनी दोन प्रसंग आठवावेत. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातील बौद्धिक अक्षम मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली, कारण दिले गेले पाळीच्या काळातल्या अस्वच्छतेचे. अकरा शस्त्रक्रिया झाल्यावर लोकांच्या विरोधामुळे त्या थांबल्या. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका खासगी बालगृहातले लैंगिक अत्याचार उघड झाले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने संस्थाचालकासह अनेकांना दोषी ठरवले. जे मूल बोलू शकत नाही, त्याच्यावर काय गुदरले ते घरी कळणार कसे? दूरच्या वसतिगृहाचा धसका घेणारी आई भावनेच्या आहारी गेलेली नसते. तिला हवी असते जवळची, ओळखीच्या माणसांची, दार उघडे असलेली जागा, आणि तीही दिवसातल्या थोड्या वेळापुरती.

आणखी एक अडचण अठराव्या वर्षी येते. विशेष शाळा संपते, बालगृहाची वयोमर्यादा संपते. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला सव्वाशेच्या आसपास बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देणारे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ते वर्षानुवर्षे हेच सांगत आले की अठरा वर्षांनंतर या मुलांना बाहेर काढणारा नियम बदला. घरोघरच्या आईबापांच्या तोंडी याच चिंतेचे साधे रूप असते : ‘आमच्या माघारी याचं कोण?’ माझे मत असे की या प्रश्नाची तयारी आजपासून करता येते. मुलाला आईखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातून जेवायची, दुसऱ्या कुणाजवळ शांत बसायची सवय लागली, तर पुढचे दिवस कमी कठीण जातात. विसावा आईला मिळतो आणि माणसांची सवय मुलाला होते.

हे जमते का? केरळात जमले आहे. २००४ मध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या वेंगानूर ग्रामपंचायतीत पहिली ‘बड्स’ शाळा निघाली. पंचायतीने जागा आणि पैसा द्यायचा, कुटुंबश्रीच्या बचत गटांतल्या बायकांनी साथ द्यायची, अशी तिची घडण. आज अशी तीनशेहून अधिक केंद्रे आहेत, अठरा वर्षांवरच्यांसाठी वेगळी. मूल दिवसभर केंद्रात, आई कामाला. शिवाय तिथे ‘आश्वासकिरणम्’ योजनेत काळजीवाहकाला दरमहा ६०० रुपये ठरलेले आहेत. रक्कम तुटपुंजी, पण ती सांभाळणाऱ्याच्या नावाने आहे. इंग्लंडमध्ये २०११ च्या नियमांनी दिव्यांग मुलांच्या पालकांना दिवसा, रात्री, सुट्टीच्या काळात उसंत देणारी सेवा पुरवणे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरवले. इंग्लंडचा पैसा आपल्याकडे नाही. केरळच्या पंचायतीला परवडले ते आपल्या नगरपरिषदेला परवडावे.

पैशाची वाटही आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. बऱ्याच ठिकाणी हा निधी थोडी थोडी रक्कम खात्यावर जमा करून किंवा एखादे साहित्य वाटून संपवला जातो. वाटपाचा फोटो येतो, आणि पुढच्या सोमवारी आई पुन्हा तिथेच. त्यातल्या काही भागातून रहिमतपूरसारख्या गावात एक तळमजल्याची खोली चालवता येईल : उतार असलेले दार, स्वच्छतागृह, जाड सतरंज्या, टेकूच्या दोन-चार खुर्च्या. प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्याच दोन बायका, कमीत कमी दोन, म्हणजे मूल कुणा एकीबरोबर एकटे राहणार नाही. त्यांची पोलीस पडताळणी. आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टची फेरी. दुपारी चार तास उघडी राहिली तरी आसपासच्या किती घरांत पहिल्यांदा सलग झोप लागेल! सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडलेली ‘पाळणा’ घरे आहेत. २०२३ मध्ये केंद्राने अंगणवाड्यांसाठी दिव्यांग मुलांची कार्यपद्धतीही ठरवून दिली. तिथे ही मुले आली पाहिजेत, ‘याला नाही जमणार’ म्हणून दारातून परत जाता कामा नयेत.

दिवाळी सरली की नगरपरिषदा पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक जुळवायला घेतात. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आत्ताच भेटा आणि दोन प्रश्न लेखी विचारा : गेल्या वर्षीचा ५ टक्के निधी कशावर खर्च झाला, आणि येत्या वर्षी त्यातून दिवसाच्या सांभाळ केंद्रासाठी किती ठेवणार? अर्जावर पालकांच्या सह्या असतीलच. त्यांच्याखाली शेजाऱ्यांच्याही सह्या असू द्या.