‘मान्य आहे’ दाबण्याआधी

आमच्या वाचनालयात तीन संगणक आहेत. त्यांवर नवा प्रोग्रॅम टाकायचा असला की काम माझ्याकडे येतं. करारनाम्याची चिंचोळी चौकट उघडली की मी सगळा मजकूर उचलून कोऱ्या फाइलमध्ये चिकटवतो, अक्षर मोठं करतो आणि वही घेऊन बसतो. पाऊण तास तरी जातो.

आधी व्याख्या बघायच्या. ‘तुम्ही’ म्हणजे कोण, मी की वाचनालय, हे तिथेच ठरतं. मागे एक फुकटचा प्रोग्रॅम टाकायला घेतला, तर चौथ्या परिच्छेदात ‘फक्त वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी’ अशी ओळ होती. घरी फुकट, संस्थेला मात्र परवाना विकत. मी तिथेच थांबलो. फाइली आवळायला आता आम्ही सेव्हन-झिप वापरतो. संस्थेतही तो विनामूल्य चालतो, हे त्याच्या परवान्यात स्वच्छ लिहिलं आहे.

पुढे सगळी कॅपिटल अक्षरं लागतात. डोळे शिणतात, पण तो भाग सोडू नये. हमी नाकारायची तर ते ठळक दिसलं पाहिजे, असं अमेरिकी व्यापार कायदा सांगतो, म्हणून ही अक्षरं. प्रोग्रॅम ‘जसा आहे तसा’ मिळतो आणि नुकसान झालंच, तर भरपाई बहुधा मोजलेल्या किमतीपुरतीच. हे वाचल्यापासून सभासदांच्या नोंदींची प्रत मी दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर काढतो.

जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना वाचताना मात्र बरं वाटतं. त्याची २००७ ची तिसरी आवृत्ती सांगते की प्रोग्रॅम नुसता चालवायला हा परवाना मान्य करण्याची गरजच नाही. अटी लागतात त्या प्रोग्रॅम, मूळ असो वा बदललेला, पुढे वाटताना.

असे करारनामे फारसं कोणी वाचत नाही. २००५ मध्ये पीसी पिटस्टॉप या अमेरिकी कंपनीने करारातच लिहून ठेवलं होतं की या पत्त्यावर कळवा, पैसे मिळतील. चार महिन्यांत तीन हजारांवर लोकांनी प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि एकाने कळवलं. त्याला हजार डॉलर मिळाले.

आपली अडचण भाषेचीही आहे; करारनामे बहुधा इंग्रजीत असतात. वैयक्तिक माहितीसाठी संमती मागताना मराठीचाही पर्याय द्यावा, अशी तरतूद २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. करारातल्या बाकी कलमांना ती लागू नाही. म्हणून प्रोग्रॅम विकत घेताना विक्रेत्याकडे मराठी करारनामा लेखी मागा. मी मागतो.